कावेरीच्या नावची पगारचिठ्ठी

…तर श्रीनिवासरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा पाहून घेतली, आणि सहानाला विचारलं, "ही कावेरी कोण?"

"माझी मशीन, सर."

"मशीन?"

"शिलाईची. मी तिच्यावर बसते."

"मग घर कोणाला पाहिजे, अम्मा? तुला की मशीनला?"

काल इथवर सांगितलं आणि जेवायची हाक आली. आज पोट भरून बसलोय, तेव्हा नीट पहिल्यापासून सांगतो. सहानाला भाड्याचं घर मिळालं की नाही, तेही कळेल. पण गोष्ट खरी सुष्माची आहे. तिच्याबद्दल सांगायचं असं मी कधीचं मनात धरलं होतं.

सुष्मा आमच्यातलीच, म्हैसूरकडच्या मराठी घरातली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावरून आले म्हणतात. आता घोडे गेले, स्कूटर आली. तिचे वडील आणि मी म्हैसूरजवळच्या बन्नूरच्या सरकारी शाळेत एका बाकावर बसायचो आणि एकाच छडीचा मार वाटून घ्यायचो. ही पोरगी लग्न होऊन म्हैसूरला आली आणि नंजनगूड रस्त्यावरच्या एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथं वर्षानुवर्षं तिनं फक्त कॉलर शिवली. बाह्या कोणी दुसरी शिवायची, बटणं तिसरी लावायची. मी एकदा विचारलं, चांगली नोकरी होती, का सोडलीस गं? तर म्हणते, "मामा, शर्ट पुरा झालेला कसा दिसतो ते बघायचं होतं." कोणी पगारासाठी नोकरी सोडतो, कोणी साहेबाच्या तोंडामुळे. शर्ट बघायचा म्हणून सोडलेली मी ही एकच पाहिली.

तिनं पाच जुन्या मशिनी घेतल्या आणि आमच्या घरामागच्या शेडमध्ये मांडल्या. कडकोळच्या लहान कंपन्यांतले वॉचमन, कँटीनची माणसं, ड्रायव्हर यांचे युनिफॉर्म तिथं शिवले जातात. पहिल्या वर्षी आयुधपूजेला मशिनींना झेंडूचे हार घातले, कुंकू लावलं, आणि तेव्हाच सुष्मानं एकेकीला नदीचं नाव दिलं. कावेरी, कपिला, हेमावती, शिंशा, आणि पाचवी लक्ष्मणतीर्था. तिला सगळ्या लक्ष्मीच म्हणतात. एवढं लांब नाव कोण घेत बसतो?

आता या शेडची रीत ऐका, कारण सगळा घोटाळा तिच्यातनंच झाला. तिथं हजेरी बाईची नसायची, मशीनची असायची. कोणाच्या घरी पूजा, कोणाला ताप, कोणाच्या नणंदेचं लग्न. तिनं आपली जाऊ पाठवायची, नाहीतर शेजारीण. मशीन थांबायची नाही, बस. भिंतीवरच्या फळ्यावर पाच नद्या लिहिलेल्या आणि पुढं खडूच्या रेघा. महिनाअखेर कावेरीचा पगार निघायचा, कपिलाचा निघायचा, आणि तिच्यावर बसणाऱ्या दोघी आपसात वाटून घ्यायच्या. भांडण नाही, तंटा नाही. थोडा रुसवा असेल, तो सोडा.

कावेरीवर सहाना बसते. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन बन्नूरला भावाकडं राहत होती. भाऊ चांगला, पण दोन खोल्या आणि माणसं सात. तिथनं येणारी बस ऊस आणि माणसं सारख्याच मायेनं कोंबून आणते आणि सकाळची वेळ काही पाळत नाही. म्हणून बस येईपर्यंत कावेरीवर आमची भागीरथी बसायची. भागीरथी म्हणजे माझी बायको. सकाळी मला कॉफी दिली की ती शेडमध्ये गेलीच.

सहानाला म्हैसुरातच विजयनगर भागात दोन खोल्यांचं घर आवडलं होतं. मुलीची पुढची शाळा आणि आमची शेड, दोन्ही तिथनं चालत जाण्यासारखी. मालक श्रीनिवासराव, कुठल्याशा ऑफिसात जन्मभर हिशेब तपासून रिटायर झालेले. आधीच्या भाडेकरूनं त्यांना फार छळलं होतं, म्हणून त्यांनी एकच अट घातली: तोंडी काही नको, पगाराची चिठ्ठी दाखव. आणि सुष्माच्या शेडमधनं आजवर कुणाला चिठ्ठी म्हणून मिळाली नव्हती.

इथं यशोधन आला. हा पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटरमधला, विजयनगरलाच राहतो. पँट आखूड करायला आला आणि आत मराठी ऐकून तिथंच स्टुलावर बसला, तो आमचा झाला. तो म्हणाला, "मावशी, पगाराचं सॉफ्टवेअर घ्या. पाच नावांपर्यंत फुकट असलेलं एक आहे. चिठ्ठ्या आपोआप निघतात." फोनवर त्यानं नावं विचारली. सुष्माच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं फळ्याकडं बघितलं आणि सांगितलं: कावेरी, कपिला, हेमावती, शिंशा, लक्ष्मी.

चिठ्ठ्या छापून आल्या. सहानानं वाचली. भागीरथीनं वाचली. मीही वाचली. कावेरीचा पगार कावेरीच्या नावावर, यात चुकलं काय? कोणालाच काही खटकलं नाही. खटकलं ते थेट श्रीनिवासरावांना.

तरी माणूस भला. म्हणाले, "रविवारपर्यंत घर धरून ठेवतो. तुझ्या नावाचा कागद आण. त्यानंतर दुसरे लोक बघायला येणार आहेत."

त्या संध्याकाळी शेडमध्ये सगळ्या जमल्या. यशोधन हसून हसून डोळे पुसत होता. "मला वाटलं, काय सुंदर नावं ठेवता तुम्ही लोक मुलींची!"

"आणि शिंशाचं वय विचारलंस तेव्हा मी म्हटलं नाही का, जुनी आहे, तेल फार पिते?" सुष्मा म्हणाली.

"मी म्हटलं असेल बिचारीला काही त्रास!"

हसणं झालं आणि मग खरी अडचण पुढं आली. मशिनी पाच, पण त्यांच्यावर बसणाऱ्या बाया मोजल्या तर नऊ. पाचाच्या पुढं ते फुकटवालं माणशी, दर महिन्याला पैसे घेणार. यशोधनच्या ऑफिसात चालतं ते आणखी महाग. त्यात रजेचा अर्ज, साहेबाची मंजुरी, असं बरंच काही. "आमच्याकडं रजा रस्त्यावरून ओरडून सांगतात," सुष्मा म्हणाली, "त्याला बटण आहे का?" तिसरं एक होतं, चारदोन जणांनी मिळून बनवलेलं. वर्षाला एकदाच थोडे पैसे, नावं कितीही घाला.

सुष्मानं लगेच हो म्हटलं नाही. नवीन कापड आलं की ती वीतभर तुकडा आधी धुऊन, वाळवून बघते, मगच कात्री लावते. इथंही तसंच केलं. तिन्ही सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघता येत होती. तिनं प्रत्येकात दोघीतिघींचा मागचा महिना भरायला लावला. फुकटवाल्याला अर्धा दिवस कळेना. अर्धा आला की ते सरळ गैरहजर लावायचं. तिसऱ्याला अर्धा दिवस कळला, सणाला दिलेली उचल कळली, चिठ्ठीही कन्नडमध्ये निघाली. शेवटी तिनं तिघांच्या मदतीच्या नंबरवर भर दुपारी फोन लावला. एकानं गाणं ऐकवलं. एकानं इंग्रजीत एक दाबा, दोन दाबा केलं. तिसरीकडं एक मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, "हेळी अक्का." म्हणजे बोला ताई. सुष्मा म्हणाली, "हेच घे."

तेव्हा सहाना हळूच बोलली. "अक्का, पण अर्धे दिवस मांडले तर माझा पगार कमी दिसेल. सकाळ तर भागीरथीमामींची. ते घरमालक म्हणतील, एवढ्यात भाडं कुठनं देणार?"

भागीरथी पटकन म्हणाली, "माझ्या सकाळी हिच्या नावावर घाल गं. मला काय करायचाय कागद? पाच नावंच राहू देत. पैसेही वाचतील तुझे."

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. सहानाचं घर अडलंय, रविवार तोंडावर आलाय, आणि आमची म्हातारी राजीखुशीनं देतेय.

सुष्मानं मान हलवली. "मामी, उद्या सुई बोटात गेली तर तुम्ही इथं कामाला होता हे मी कोणाला काय दाखवून सांगू? कावेरी म्हणून सांगू? जी बसते तिचं नाव लागणार. सहाना, रविवारी मी येते तुझ्याबरोबर. बोलायचं ते मी बोलेन."

सहानाचा चेहरा उतरला.

मग मागचा महिना आठवायला बसल्या. फळ्यावर तर नुसत्या मशिनी. कोण कधी बसलं ते डोक्यातनं काढायचं. काय गंमत झाली म्हणता!

"सोमवारी हेमावतीवर मी होते."

"तू कुठली? तू तर चुलत दिराच्या मुंजीत लाडू वळत होतीस! जाऊ आली होती."

"अर्धा दिवस तरी माझा!"

"अर्ध्या दिवसात अर्धी पँट शिवलीस, एक पाय," मधुमिता म्हणाली. ही कपिलावर बसते, जीभ मशीनपेक्षा जोरात चालते.

यशोधन भरत गेला. शेवटी नऊ चिठ्ठ्या निघाल्या, नऊ नावांच्या. एक भागीरथीबाईची. रेशनकार्डावर ती माझी बायको, मतदार यादीत माझी बायको, दवाखान्याच्या कागदावरही वेंकोजीरावांची बायको. या कागदावर मी कुठंच नव्हतो. मी तो तिला वाचून दाखवायला घेतला, तर तिनं माझ्या हातातनं काढून घेतला. "मला येतं वाचायला," म्हणाली.

रविवारी सहाना, सुष्मा, भागीरथी, यशोधन आणि मी असे पाच जण विजयनगरच्या घरी गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेलो. श्रीनिवासरावांनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावला. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. नाव वाचलं, मान डोलावली. मग बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"अर्धा. अर्धा. अर्धा. हे काय आहे?"

सहानाचे हात पदराला गेले. सुष्मा बोलणार तेवढ्यात सहानाच बोलली, "बन्नूरची बस, सर. कधीच वेळेवर येत नाही. बस येईपर्यंत माझ्या मशीनवर या मामी बसतात. त्या वेळेचा पगार त्यांचा आहे, माझा नाही. म्हणून कमी आहे."

"आणि इथं राहिलीस तर?"

"तर चालत जाईन. सगळे दिवस पुरे भरतील."

श्रीनिवासरावांनी पुन्हा एकदा ते अर्धे अर्धे मोजले. मग सुष्माकडं बघून म्हणाले, "अय्यो, म्हणजे हिला घर न देऊन हिचा पगार मीच कापतोय की!"

आणि आत जाऊन किल्ली घेऊन आले. "आधीच्यानं आणलेल्या कागदावर दर महिन्याला गोल गोल आकडे होते," किल्ली देता देता म्हणाले. "तेव्हाच तो कागद खोटा आहे हे मला ओळखायला हवं होतं."

सहाना पायऱ्यांवरच बसली आणि रडली. भागीरथीही रडली. यशोधन रिक्षा बघायला म्हणून लांब गेला.

आता तुम्ही विचाराल, सहाना वेळेवर यायला लागली की आमच्या म्हातारीचं काय? सुष्मानं तिला काजं-बटणांच्या टेबलावर घेतलं आहे, रोज सकाळी, तिच्याच नावावर.

त्या रविवारीच संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. सुष्मा कापड बेतत होती. मी म्हटलं, पोरी, पाच नावांत फुकट भागत होतं. तू नऊ घातलीस, पदरचे पैसे भरलेस. सहानाला घर मिळालं, आमच्या हिला या वयात तिचं नाव मिळालं. तुझे आभार कसे मानू, मला कळत नाही. आणि मग, तुम्हाला माझी सवय माहीत आहे, तिच्या वडिलांची आणि छडीची गोष्ट सुरू केली. तिनं कात्री खाली ठेवली आणि मला जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं सांगतो:

"मामा, आभार राहू द्या. उद्या सहाना सामान हलवणार, ती येणार नाही. मामींना सकाळपासून दिवसभर पाठवा. आणि दारात गाठून गोष्टी सांगत बसू नका त्यांना. आता उशीर झाला तर अर्धा दिवस त्यांचाच कापला जातो, तुमचा नाही."