हात सैल सोडा

पुतणीच्या लग्नासाठी घरातल्या बायकांना बांगड्या भरायला कासारीण आली होती. माझ्या हातावर लागोपाठ दोन बांगड्या फुटल्या, तेव्हा ती थांबली.

"ताई, फुटंल फुटंल म्हणून तुम्ही हात घट्ट करताय, म्हणून फुटत्यात. हात सैल सोडा, माझ्याशी बोला."

मी तिला तिचं गाव विचारलं. ती सांगत होती तेवढ्यात डझनभर हिरव्या बांगड्या मनगटावर चढल्याही. मला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं.

शाळेतल्या आमच्या बाईंच्या आठवणी लिहून द्यायचं मी कबूल केलं आहे. बाई आता नव्वदीला टेकल्यात. फोनवर विचारतात, "झालं का गं लिहून?" टिपणांनी दोन वह्या भरल्या आहेत, पण बाईंना शोभेल असं पहिलं वाक्य कोणतं, या विचारात एकही ओळ उतरलेली नाही. हात सैल सोड, असं स्वतःला कितीही सांगितलं तरी तो सुटत नाही.

आज दुपारी पुन्हा लिहायला बसले. हात जरा हलला तरी या बांगड्या वाजतात. दिवेलागण झाली, तरी त्या एकदाही वाजल्या नाहीत.