ओली वजनं

पदार्थविज्ञान मी पहिले सहा महिने कानांनी शिकले. देवासात कॉलेज नव्हतं, म्हणून माझ्या विधवा आत्याबाई आणि मी शेजारच्या शहरात बिऱ्हाड केलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात माझ्यासाठी पडदा लावलेला होता. मुलं टेबलापाशी प्रयोग करत आणि वर्गातली एकुलती एक मुलगी म्हणून मी पडद्यामागे बसून ते ऐकत असे. आत्याबाई पडद्याच्या कडेला स्टुलावर पहाऱ्याला बसत. त्यांना दोन्हीकडचं दिसे, म्हणून त्या मला हलक्या आवाजात सांगत, "काचेच्या देव्हाऱ्यात तराजू ठेवलाय. पितळेची वजनं आहेत, पण हाताने नाही धरत. चिमट्याने उचलतात. सोवळ्यातली आहेत गं."

बोटांचा घाम लागला तर वजन बदलतं म्हणून तो चिमटा होता. प्रोफेसर "हात लावू नका!" असं मुलांवर ओरडले की आत्याबाई समाधानाने मान डोलवत. इतकी शिवाशिव पाळणारं शास्त्र भाचीने शिकायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली आणि अडलं. विद्यार्थ्याने प्रयोग स्वतःच्या हातांनी केले आहेत, अशी प्रोफेसरांची सही लागत असे. प्रोफेसर मूळचे धारचे, सज्जन माणूस. पण म्हणाले, "तुम्ही कशालाच हात लावलेला नाही, मी सही कशी करू?" सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर कन्नौदचं स्थळ. ते वडिलांनी हाताशी ठेवलेलंच होतं. मला स्थळाचा राग नव्हता, प्रोफेसरांचा भयंकर आला. ज्यांनी सहा महिने हात लावू दिला नाही, तेच विचारत होते, हात कुठे लावलाय!

"मग आज लावू द्या," मी म्हटलं.

त्यांनी मिशी ओढली. म्हणाले, पितळेच्या गोळ्याचं वजन करून दाखवा. बरोबर आलं तर सही करतो.

दुसऱ्या दिवशी मी पडद्याबाहेर आले. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. "भिया, आज तो काच गई समझो," एकजण दुसऱ्याला म्हणाला. मी चिमटा उचलला. गोळ्याचं उत्तर सगळ्या मुलांना जुन्या वह्यांमधून पाठ होतं, आणि पडद्यामागे ऐकून ऐकून मलाही. माझं उत्तर त्याहून कमी आलं. पुन्हा मोजलं, तर गोळा जरा जड झालेला. तिसऱ्यांदा आणखी जड. पाठ असलेलं उत्तर लिहून मोकळं व्हावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण गोळा काही बाळसं धरत नव्हता. म्हणजे वजनंच हलकी होत होती. मी वाकून पाहिलं.

"साहेब, वजनं ओली आहेत. वाळतायत, म्हणून दर खेपेला उत्तर बदलतंय."

"ओली? कोणी केली?"

"मी," आत्याबाई स्टुलावरून म्हणाल्या. "सतरा पोरांची बोटं लागलीयत त्यांना. पोर पहिल्यांदा धरणार, म्हणून मघाशी तुम्ही वजनांची पेटी उघडून गेलात तेव्हा नेमावरचं नर्मदेचं पाणी शिंपडून घेतलं."

प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. मग एकेक वजन त्यांनी स्वतः पुसलं आणि मला पुन्हा मोजायला सांगितलं. उत्तर मुलांच्या उत्तराजवळ आलं, पण तेच नव्हे. त्यांनी स्वतः मोजून पाहिलं, तर माझंच बरोबर! हाताळून हाताळून गोळा झिजला होता, आणि मुलं वर्षानुवर्षं न झिजलेल्या गोळ्याचं वजन लिहीत होती.

"तुमच्यापैकी एकाने तरी खरं मोजलंय का रे?" त्यांनी विचारलं. मुलांनी भराभर वह्या मिटल्या.

त्यांनी माझ्या अर्जावर सही केली आणि उद्यापासून पहिल्या टेबलापाशी उभं राहायला सांगितलं. मुलांसमोर मला रडायचं नव्हतं, पण तिथेच, तराजूपाशी, रडू कोसळलं. आत्याबाई लगबगीने आल्या आणि त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"रडायचं तर लांब उभी राहून रड," त्या म्हणाल्या. "वजनं ओली होतील."