मोटारीतलं चौथं माणूस

भुताखेताच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी सरळ उठून जाते. तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय मी! पण हे माझ्याच घरातलं आहे... म्हणून लिहिते.

सोलापूर, एकोणीसशे तेहतीस-चौतीसचा चैत्र. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी मोटार घेतली होती, स्वतःच चालवायचे. माळशिरसला माझ्यासाठी स्थळ बघायचं आणि तसंच पुढे शिंगणापूरचा डोंगर बघून यायचं ठरलं. अण्णा, आई आणि मी — तिघं. आणि शुभ कामाला तिघांनी निघायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

"मी येते की, चार होतील," थोरली अक्का म्हणाली. सोळाव्या वर्षी विधवा झालेली, चार वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. "एकदा नदी, डोंगर बघू द्या अण्णा. गाडीतनं उतरणार न्हाय मी."

"शुभ कामाला तू? काही कळतं का गं?" अण्णांनी अंगणातला दगड उचलून मागे माझ्याशेजारी सीटवर ठेवला. झाले चार! अक्का आत निघून गेली. मी मात्र नव्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत बसले. आज लाज वाटते.

भीमेला गुडघाभर पाणी. मोटार बैल लावून ओढायची होती. आई आणि मी उतरलो. बैलवाला म्हातारा म्हणाला, "त्या बाईला बी उतरवा की. वाळूत रुतंल."

"कुठली बाई? आत कुणी न्हाय," अण्णा म्हणाले.

"आन् ती पांढऱ्या लुगड्यातली? मगाधरनं पाण्याकडं बघत बसलीया..."

मी वाकून पाहिलं. सीटवर दगड होता. अण्णा म्हाताऱ्यावर खेकसले, "डोळे फुटले काय तुझे!" पुढे डोंगरभर पळस फुलला होता.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली — तोंडभर हसत! "पळस लई फुललाय न्हाय डोंगरावर? आणि आई, नदीला तू माझ्या नावानं ओंजळभर पाणी वाहिलंस, व्हय ना?"

ओंजळ वाहिल्याचं आईनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अक्काला हे कसं दिसलं, असं अण्णांनी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "कुणाला विचारून गेली होतीस?" त्या दिवसापासून तिला दारात उभं राहायलाही बंदी झाली.

हे कसं घडलं, मला अजून सांगता येत नाही. पुढं माझं लग्न झालं. सासरीही मोटार होती, दर चैत्रात आम्ही फिरायला जायचो. अक्काला एकदाही नेलं नाही. सासूबाई नको म्हणाल्या असं मी सगळ्यांना सांगत आले... खोटं आहे ते. मी त्यांना कधी विचारलंच नाही.