आत्याला पुण्याला आणायला गेले, त्याची हकिकत

सुमनआत्याला पुण्याला घेऊनच यायचं, असं ठरवून मी निघाले. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वारले. मूलबाळ नाही. डायलिसिससाठी ती केजजवळच्या गावातून एकटी अंबाजोगाईला जाते. फोनवर मात्र सारखी हसते. त्या हसण्याचाच मला वैताग आला होता.

कुणी जाणार असाल तर पुण्याहून बीडची एसटी पहाटेची धरा. बायकांना अर्धं तिकीट, पण माझ्या गाडीची खिडकी लागत नव्हती. बीडपर्यंत केसांत धूळ. बीड स्टँडवर केजच्या गाडीबद्दल एकच उत्तर मिळत होतं: "येईल की!" ती आली तेव्हा मी उन्हाने अर्धी झाले होते.

गावात पोचले तर आत्याच्या दाराला कुलूप! बाई बुद्धविहारात, पौर्णिमेच्या खीरदानासाठी तांदूळ निवडत बसलेली.

"आलीस व्हय? बस, हे ताट घे," म्हणाली. पाणीसुद्धा विचारलं नाही!

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर अंबाजोगाईला निघाले. शेअर जीप भरेपर्यंत हलत नाही, हे लक्षात ठेवा. आमची हलली आणि मधेच पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नाही. मी ड्रायव्हरवर ओरडले.

"ताई, कावून वरडता? मी काय मुद्दाम केलंय?" तोही चिडला.

तोवर आत्या रस्त्याकडेच्या टपरीवर जाऊन बसलेली. डॉक्टरांनी तिला पाणी अगदी मोजकं सांगितलंय. त्यातलाच अर्धा कप चहा ती डोळे मिटून, घोट घोट घेत होती.

माझा तोल सुटला. "तुला राग कसा येत नाही गं आत्या?"

"येतो की. पहाटं वंदनेला बसते तवा रडते बी. मग त्रिसरण म्हणता म्हणता आतून हलकं हुतंय. ते काय मी कमवलं न्हाई, धम्मानं दिलंय. दिलेलं परत करू काय?" कप खाली ठेवत म्हणाली, "चहा लई झ्याक हाय. घे तू बी."

दुसऱ्या जीपने कसेबसे पोचलो. मशीनवरून उतरल्यावर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. उलटी झाली, पाय टेकवेनात. मी तिला धरून बाकावर बसवलं आणि पुण्याचा विषय काढला.

"न्हाई गं माय. तिथं तू दिवसभर हापिसात. मी वंदना कुणासंगं म्हणू?"

मी रडले, भांडले. ती ऐकेना. एकटीच परत आले.

घरी आल्यावरही राग आहे. त्या रस्त्यावर आहे, गावापासून लांब असलेल्या उपचारांवर आहे आणि थोडा आत्यावरही. काल औषधांवरून झापायला तिला फोन केला. "थांब, वंदना सुरू झाली," म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून दिला. विहारातल्या बायकांचा आवाज चढत गेला. त्यात तिचा धापा टाकणारा, पण सगळ्यांच्या पुढे धावणारा आवाज मला ओळखू आला. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मी गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.