झरमिनाचा सदरा

नातीच्या बारशाला खालच्या मजल्यावरची झरमिना मी दिलेली साडी नेसून आली आणि बायकांत खसखस पिकली. काबूल सोडून आमच्या इमारतीत येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. साडीचा ब्लाउजपीस कापून घ्यायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! तो पदराच्या टोकाला तसाच लोंबत होता. आणि आत होता तिकडचाच, मनगटापर्यंत कशिदा भरलेला सदरा.

"अगं, काढ तो. माझा ब्लाउज देते तुला," शेजारच्या शीलाताई म्हणाल्या.

"नको ताई. काबूलच्या घरातून निघाले तेव्हा हाच अंगावर होता," ती नव्यानं शिकलेल्या मराठीत म्हणाली. "आज त्याला पण समारंभ दाखवते."

शीलाताईंनी तो जादा तुकडा आत दुमडला आणि स्वतःच्या पदराची पिन काढून तिला लावली.

परक्या गावात रुळायचं म्हणजे जुनं उतरवून नवं चढवायचं, असं मी समजत होते. ही बाई जुन्यावरच नवं नेसली होती, आणि काय देखणी दिसत होती!

बाळानं तिच्या बाहीचा लाल गोंडा मुठीत धरला, तो काही केल्या सोडेना. त्यामुळे बारशाच्या प्रत्येक फोटोत मधोमध झरमिना आहे. बाळाची आई कडेला.