समतोल साहेब

दोन्ही हात छातीशी, तळवे आकाशाकडे. मग एक जरा खाली, दुसरा जरा वर, असं करत करत शेवटी दोन्ही एका रेषेत. "समतोल, शेठजी. सगळा प्रश्न समतोलाचा आहे." साहेब हे उभे असले तरी करायचे, जेवायला बसले तरी करायचे आणि हातात कपबशी असली तरी करायचे. आमच्या घरातल्या निम्म्या बश्या आंतरराष्ट्रीय कायद्यापायी फुटल्या.

आम्ही घोडेगावचे किराणावाले. आजोबा राजस्थानातून आले ते तराजू घेऊनच आले असावेत, कारण आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान त्यालाच. त्यामुळे हवेत तराजू धरणारा माणूस दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला, तेव्हा मला आपलाच कुणी नातलग सापडल्यासारखं झालं. माणसाची पारख मला ही अशी. लग्नाच्या वेळी मी सौ.ला हुशार वाटलो होतो, तेव्हा पारखीच्या बाबतीत आमचं घर एकूणच बेताचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाश्वत विकास हा शब्द वर्तमानपत्रांतून तालुक्याला नुकताच पोचला होता आणि अजून कोरा करकरीत होता. साहेब पुण्यात वकिली शिकलेले, मग परदेशात काही महिने पर्यावरणाचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकून आलेले. कुठल्याशा संस्थेनं त्यांना डिंभ्याच्या धरणाकाठी विकास आणि पर्यावरण यांचा मेळ घालायला पाठवलं होतं. मेळ घालायला ते माझ्या जीपमधून जायचे. डिझेल माझं, पर्यावरण त्यांचं.

जेवण आमच्याकडेच, जैनाघरचं. कांदा नाही, बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत पानं वाढलेली. "शेठजी, तुमचं स्वयंपाकघर म्हणजे शाश्वत विकासाचा नमुना आहे," आणखी एक पोळी घेत ते म्हणाले. सौ.नं मला आत बोलावून हळूच विचारलं, "शाश्वत म्हणजे रोज येणार का हे?"

रोज आले.

तुम्हीही असा माणूस कुठं ना कुठं पाहिला असेल. त्याला कुणाचाच राग येत नाही, कारण त्याला कुणाचंच ऐकू येत नाही. समोरचा बोलत असताना साहेब डोळे मिटून मान हलवायचे. आपल्याला वाटायचं, केवढं मन लावून ऐकताहेत. ते आपलं पुढचं वाक्य जुळवत असायचे.

आता हिराबाईची गोष्ट सांगायला हवी, कारण साहेबांनी आयुष्यात जो काही मेळ घातला तो तिच्या रानात. हिराबाईचं गाव धरणात गेलं. पाणी उतरलं की काठाची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात ही माणसं परवानगी काढून पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. हिराबाईचा असा एक पट्टा होता. दिवाळीनंतर वरचं रान मोकळं व्हायला लागलं की ती हरभरा टाकायची, आणि तो माझ्या दुकानात आणायची. वर्षाचं तेल, मीठ, कपडा सगळं त्या हरभऱ्यावर. परवानगी मात्र दर वर्षी नव्यानं मागायची. तिचं गाव बुडवायची परवानगी एकदाच काढली होती, ती आजवर चालते आहे.

त्या वर्षी परवानगी अडली. गाळपेरीनं धरणात माती जाते, असं कुणीतरी वर सांगितलं. पाटबंधारे खात्याचे वरचे साहेब पाहणीला आले आणि त्यांनी आमच्या साहेबांचं मत विचारलं. ऐन वैशाख. पाणी पार तळाला, काठ वरपासून खालपर्यंत उघडा, भेगाळलेला. हिराबाई पदर खोचून उभी.

साहेबांनी हात छातीशी आणले. "हे बघा मावशी, एका बाजूला तुमचा विकास. दुसऱ्या बाजूला पर्यावरण, आणि भावी पिढ्यांचा हक्क. जगातल्या देशांनी एकत्र बसून हे मान्य केलंय."

"आमच्या गावाला बोलावलं व्हतं का?"

"तुमच्या वतीनं देश होता ना."

"धरणाच्या टायमालाबी देशच व्हता," हिराबाई म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. मग म्हणाले, "भावी पिढीचा विचार नको का करायला?"

"भावी पिढी सुनंच्या पोटात हाय. तिला काय घालू? झाडाचा पाला?"

लोक हसले. साहेबही हसले. आणि मग त्यांनी निकाल दिला. पट्ट्याच्या बरोबर मधोमध चुन्याची फक्की मारायची. वरच्या अर्ध्यात झाडं, खालच्या अर्ध्यात हिराबाई. दोघांना सारखं रान. गुंठाभर इकडं नाही, गुंठाभर तिकडं नाही. वरचे साहेब खूश, कारण त्यांना दुपारच्या आत परतायचं होतं.

"आवं पण वरचं रान आधी उघडं पडतं," हिराबाई म्हणाली. "खालच्यातनं पाणी निघतंय चैत्रात. तवा काय पेरू मी, दगडं?"

"मावशी, आपण अगदी मधोमध रेघ मारलीय," साहेब म्हणाले.

आमच्या धंद्यात पासंग म्हणून एक चीज असते. तराजूचं एक पारडं मुळातच हलकं असलं, तर त्याला खालून दगडाचा तुकडा बांधतात. काटा सरळ दिसतो, गिऱ्हाईक निर्धास्त होतं. त्या दुपारी साहेबांनी हिराबाईला पासंगासारखं बांधलं आणि काटा सरळ करून घेतला. मी शेजारीच जीपला टेकून उभा होतो. मला हे सगळं समजलं, पण ते घरी पोचल्यावर, जेवताना. माझी बुद्धी जीपपेक्षा हळू चालते.

पावसाच्या तोंडावर झाडं लावली. करंज, शिसव, प्रत्येक रोपाला बांबूची काठी. साहेबांनी फोटो काढले आणि ते घेऊन परदेशातल्या कुठल्याशा परिषदेला गेले. इकडं श्रावणात धरण भरलं आणि झाडं पाण्याखाली गेली. नुसती बुडाली नाहीत. वरून होडी जात होती.

तिकडं फोटो गाजले, असं ते परत आल्यावर स्वतःच म्हणाले. मी भीत भीत झाडांची हकीकत सांगितली. वाटलं, आता तरी हात खाली राहतील.

"पण मग पाण्यातली जैवविविधता वाढली असेल, शेठजी. माशांना आसरा."

सौ. पोळ्या लाटत होती. "म्हणजे आपली खोली पाण्यात गेली तर हे मासे पाळतील," ती म्हणाली. मारवाडीत म्हणाली, एवढाच काय तो पाहुण्याचा मान.

दिवाळीनंतर पाणी उतरलं. वरच्या रानात काळ्या पडलेल्या काड्या उभ्या. आता तुम्ही हिशोब करा: झाडं मेलेली, हिराबाईला वर जायची बंदी, खाली अजून पाणी. समतोल इतका पुरा साधला होता की दोन्ही पारड्यांत काही नव्हतं. हिराबाईनं कुणाला विचारलं नाही. काठ्या उपटून चुलीला घातल्या आणि वरच्या रानात हरभरा टाकला.

पौषात साहेबांना कळलं की संस्थेचे पाहुणे झाडं बघायला येणार आहेत. ते घाईनं धरणावर निघाले. जीप अर्थात माझी. हरभरा घाट्यांवर आला होता, दाणे भरत होते. आम्ही उतरतो तोच धरणावरचा वॉचमन आला. "साहेब, ही तुमच्याच झाडांची जागा ना? बाईनं हितं पीक केलंय. तुमी हां म्हणा, वर कळवतो. उद्याच्याला समदं उपटून टाकतो."

हिराबाई खुरपं घेऊन उभी होती. जवळ आली नाही. सून ओटीत बाळ घेऊन बांधावर बसली होती. वर्षाचं तेलमीठ त्या माणसाच्या एका शब्दावर आलं होतं, आणि त्याचे शब्द मी वर्षभर ऐकले होते.

साहेबांनी हरभऱ्याकडं बघितलं. मग हरभऱ्यातून डोकावणाऱ्या एका काळ्या काडीकडं. हां म्हणावं, तर झाडं मेली हे कबूल करावं लागणार.

"छे छे," ते म्हणाले. "माझी झाडं पलीकडच्या काठाला आहेत."

आणि बोट दाखवलं. पलीकडं डोंगरउतारावर हिरडा आणि जांभळाची जुनी दाट राई उभी होती.

वॉचमननं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "लई झपाट्यानं वाढली, राव," तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

ते खोटं हिराबाईसाठी नव्हतं. ते स्वतःच्या अब्रूसाठी, एका क्षणात आणि अतिशय सराईतपणे बोलले होते. पण परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "शेठजी, हरभरा निघतो कधी?" वर्षभरात त्या माणसांविषयी त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"होळीच्या आत," मी म्हणालो.

त्यांनी पाहुण्यांना होळीनंतरची तारीख दिली. का, ते मला माहीत नाही, आणि त्यांच्याविषयी उगाच चांगलं धरून चालायची मला सवय नाही. होळीपर्यंत हरभरा माझ्या दुकानात पोचला. पाहुणे आले, अलीकडच्या काठावरून त्यांनी पलीकडची राई बघितली, टाळ्या वाजवल्या. त्या राईच्या जोरावर साहेबांना दिल्लीत मोठी जागा मिळाली. खोली सोडताना त्यांनी सौ.ला वाकून नमस्कार केला. ती तेवढ्यानं विरघळली आणि तिनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. आमचं घर पारखीत बेताचं, हे मी आधीच सांगितलं आहे.

पुढच्या वर्षी पाणी उतरायच्या सुमाराला हिराबाई दुकानात आली. परवानगी पुन्हा अडली होती. तिनं जिन्याकडं नजर टाकली.

"ते समतोल साहेब हायेत का वर?"

"गेले. दिल्लीला."

"कायमचे?"

"कायमचे."

ती पिशवीचं तोंड आवळत म्हणाली, "आनखी चार सालं राह्यले असते तर बरं व्हतं, शेठ. खोटं लई चांगलं बोलायचे."