राहिलेला प्रश्न

वडिलांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. तीन भावांच्या पाठीवर झालेली मी एकटी मुलगी. पोळी ताटात गार झाली की मी ताट सरकवून द्यायचे आणि आई मुकाट्याने पुन्हा तवा ठेवायची. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

एफ.वाय.ला हजेरी कमी भरली. सरांनी बोलावलं. म्हणाले, "आपण वर्गात येत नाही, निदान कुणाच्या उपयोगी तरी या." टी.वाय.च्या एका अंध मुलीला परीक्षेसाठी लेखनिक हवी होती. ती सांगणार, मी लिहायचं. मी हो म्हटलं.

पहिला पेपर अर्थशास्त्राचा, अकराचा. त्या दिवशी ड्रायव्हर वडिलांना सोडायला गेला होता. आई म्हणाली, "रिक्षाने जा." इस्त्रीचा ड्रेस चुरगळेल म्हणून मी गाडीची वाट बघत बसले. पोचले तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. वर्गात बाकीच्यांची पानं भरत होती आणि ती बाकावर दोन्ही हात ठेवून बसली होती. पर्यवेक्षक बाई मला बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बस. पहिला प्रश्न वाच."

अंध विद्यार्थ्यांना मिळणारा जादा अर्धा तास माझ्या उशिरातच गेला. शेवटी एक मोठा प्रश्न राहिला आणि बाईंनी पेपर घेतला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सॉरी ताई, ड्रायव्हर उशिरा आला."

"राहतेस कुठे?"

"गुलटेकडीला."

"मी हडपसरहून दोन बस बदलून येते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "राहिला तो प्रश्न मला सगळ्यात चांगला येत होता."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "होईल गं पास ती." वडील म्हणाले, "तुला त्रास होत असेल तर सरांना सांगतो, दुसरं कुणी बघतील." दोघं माझीच बाजू घेत होते आणि पहिल्यांदाच मला ते नकोसं झालं. पुढच्या पेपरला मी साडेदहालाच वर्गाबाहेर उभी होते.

तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. निकाल मीच वाचून दाखवला. ती म्हणाली, "एम.ए.ची पुस्तकं वाचून दाखवशील? वेळेवर येणार असशील तरच."

मग आठवड्यातून तीनदा मी स्वारगेटहून हडपसरची बस धरायला लागले. ती मावशीकडे राहायची. मूळची वर्ध्याची, वडील पोस्टात. आमच्या घरी शिकण्याचं कौतुक फारसं नव्हतं. तिच्याकडे स्वयंपाकघरातसुद्धा कुणाला किती मार्क पडले याच्या गप्पा चालायच्या. एकदा मी वाचताना ती मध्येच म्हणाली, "थांब. तू आकड्यांचे तक्ते गाळतेस."

"ते कंटाळवाणे आहेत."

"कंटाळा तुला आलाय. परीक्षा माझी आहे."

मी मागे जाऊन सगळे तक्ते वाचले.

एका दिवसात माणूस बदलत नाही. त्याच वर्षी ड्रेसच्या रंगावरून मी आईशी दोन दिवस बोलले नव्हते. पण गार पोळी खायला मी कधी लागले ते माझं मलाच कळलं नाही. आईच्या लक्षात आलं होतं. "बरं नाही का तुला?" तिने विचारलं.

एम.ए. झाल्यावर ताई बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम शिकली. पुढे हडपसरच्या एका आयटी पार्कात तिला नोकरी लागली. अंधांना वेबसाइट नीट वापरता येतात की नाही, ते तपासायचं काम. पहिल्या दिवशी रस्ता दाखवायला मी सोबत गेले. फाटकावरच्या वॉचमनने तिच्याकडे बघत मला विचारलं, "मॅडम, यांचं काय काम आहे?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

त्याने विचारलं. तिने पर्समधून नेमणूकपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. तो दोन्ही हातांत कागद धरून सावकाश वाचत राहिला आणि आम्ही दोघी त्याचं वाचून होईपर्यंत उभ्या राहिलो.